बंदूक आणि भिंत यांच्यामधला कागद

प्रति,
सदस्य देशांचे प्रतिनिधी व स्थायी समितीचे सभासद,
सायटीस करार (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार)

सन्माननीय प्रतिनिधींनो,
स. न. वि. वि.

तुमच्याच ठरावातल्या एका आकड्यापासून सुरुवात करतो: 80. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली. तरीही बिबट्याच्या ट्रॉफी (शिकाऱ्याने आठवण म्हणून नेलेलं मुंडकं वगैरे) आणि कातड्यांच्या निर्यातीचा तुमचा जो तक्ता आहे, त्यात केनियाच्या नावापुढे वर्षाला 80 बिबटे हा कोटा कैक वर्षं छापून येत राहिला. त्याच तक्त्यात मलावीचे 50. 2019 च्या जिनिव्हा परिषदेत हे दोन्ही कोटे निघाले, तेही त्या देशांनीच नको म्हटल्यावर. जिथे शिकारच नाही तिथे कोटा पडून राहिला म्हणून बिबट्या मेला नाही, हे कबूल. पण कोटा एकदा कागदावर चढला की त्याला खाली उतरायला जिनाच नाही, हे मला त्या तक्त्यात पहिल्यांदा दिसलं आणि तेव्हापासून मी तुमचे कागद वाचायला लागलो.

मी शिकारी नाही, जीवशास्त्रज्ञ नाही आणि प्राण्यांसाठी मोर्चे काढणाऱ्यांपैकीही नाही. ट्रॉफीच्या शिकारीवर जे रणकंदन चालतं त्यात दोन्ही बाजूंचे लोक मुंडक्याच्या फोटोवरून भांडतात. एकाला त्यात क्रौर्य दिसतं, दुसऱ्याला गावची शाळा आणि वनरक्षकाचा पगार. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे परवाना. गोळी सुटल्यापासून ते सिंहाचं मुंडकं पेंढा भरून हजारो मैलांवरच्या दिवाणखान्यात टांगलं जाईपर्यंत मधे काय असतं? कातडं सोलणं, मीठ चोळणं, लाकडी खोकं, विमान, कस्टम आणि एक कागद. त्या कागदाशिवाय खोकं हलत नाही. त्या कागदाचे मालक तुम्ही आहात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

1973 मध्ये वॉशिंग्टनला करारावर सह्या झाल्या, 1975 मध्ये तो लागू झाला. त्यातली मूळ कल्पना मला आजही शहाणपणाची वाटते. निर्यात करणाऱ्या देशाच्या वैज्ञानिक प्राधिकरणाने आधी लिहून द्यायचं की या निर्यातीने ती प्रजाती जगण्याला बाधा येणार नाही. मी याला ना-हानी दाखला म्हणतो. पहिल्या परिशिष्टातल्या, म्हणजे सर्वांत धोक्यातल्या प्रजातींसाठी तर आयात करणाऱ्या देशालाही स्वतःची खात्री करून वेगळा परवाना द्यावा लागतो. दोन कुलपं, दोन किल्ल्या.

गोम अशी की हा दाखला बाहेरच्या कुणाला सहसा दिसत नाही. तो दिला गेला एवढंच कळतं. कशाच्या जोरावर दिला, प्राणी कुणी मोजले, कधी मोजले, चोरट्या शिकारीत आणि शेतकऱ्यांशी झालेल्या झटापटीत मेलेले त्यात धरले की नाही, हे फाइलीत राहतं आणि काही देशांत ती फाइल तरी आहे का अशी शंका यावी इतकी शांतता असते. ज्यांनी कधी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना ना-हरकत दाखला म्हणजे काय चीज असते ते सांगायला नको. हरकत आहे की नाही हे तपासून तो दिला जातो असं फक्त त्याच्या नावावरून वाटतं. ना-हानी दाखल्याचा ना-हरकत दाखला झाला, हे माझ्या तक्रारीचं एका ओळीतलं रूप.

पुन्हा बिबट्याकडे येतो, कारण कागदी घोडे किती दूर धावू शकतात ते इथे नीट दिसतं. 1988 मध्ये तुमच्या सचिवालयासाठी एक अभ्यास झाला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत बिबटे किती, तर सात लाखांहून अधिक. हे कसं काढलं? मुख्यतः पाऊस किती पडतो आणि पावसाप्रमाणे बिबट्यांची दाटी किती असावी, या गणितावरून. त्या जंगलात हरणं उरली आहेत का, माणसांची वस्ती किती, फासे किती लागतात, हे त्या गणितात नव्हतं. जाणकारांनी त्यावर तेव्हाच टीका केली. पाऊस पडला म्हणून बिबट्या उगवत नाही! तरीही कोटे वाढतच गेले. इथिओपिया 500, टांझानिया 500, झिम्बाब्वे 500, झांबिया 300. एवढे गोल आकडे निसर्गात सहसा सापडत नाहीत, टेबलावर सापडतात.

याच तक्त्यात दक्षिण आफ्रिकेचा कोटा 2004 मध्ये 75 वरून 150 झाला. मग तिथल्या वैज्ञानिक प्राधिकरणाने एक असं काम केलं जे सरकारी कार्यालयांत दुर्मीळ आहे. आपल्याला देशातल्या बिबट्यांची नेमकी संख्या माहीत नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. परिणाम: 2016 आणि 2017 मध्ये कोटा शून्य. 2018 मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा आकडा होता 7. दीडशे आणि सात यांच्यातल्या फरकाकडे जरा निवांत बघा. तोच देश, तेच जंगल. फरक एवढाच की मधे कुणीतरी खरोखर विचारलं.

आता शिकारीच्या बाजूने सर्रास केला जाणारा युक्तिवाद. आम्ही म्हातारे नर मारतो, त्यांचं प्रजननाचं वय उलटलेलं असतं, कळपाला तोशीस नाही. हा युक्तिवाद सरसकट खोटा नाही आणि सरसकट खराही नाही. प्रत्येक प्रजातीत म्हातारा याचा अर्थ वेगळा आहे आणि ना-हानी दाखल्यात नेमकं हेच लिहिलेलं असायला हवं.

काळ्या गेंड्यात कधीकधी तो लागू पडतो. पिल्लांना आणि तरुण नरांना जीवे मारणारा एखादा वयस्क नर छोट्या कळपात खरंच डोकेदुखी होतो. 2004 च्या बँकॉक परिषदेत तुम्ही नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेला वर्षाला प्रत्येकी 5 प्रौढ नरांची मुभा दिलीत ती या विचाराने.

सिंहात मात्र गणित उलटतं. कळपाचा नर गेला की नवे नर येतात आणि आधीच्याची पिल्लं मारून टाकतात, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. एका गोळीत एकच सिंह मरतो, हा हिशेब बंदूकवाल्याचा. सिंहिणीचा हिशेब निराळा असतो. म्हणून टांझानियात आणि मोझांबिकच्या नियासा अभयारण्यात सहा वर्षांखालचा नर मारायचा नाही असा नियम आला. सहा वर्षांच्या नराची आधीची पिल्लं तोवर थोडी मोठी झालेली असतात, नाकावर काळे डाग पसरतात त्यावरून वय ताडता येतं, असा त्यामागचा अभ्यास. चांगला नियम आहे. पण 2015 मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सेसिल नावाचा प्रसिद्ध सिंह मारला गेला आणि दोन वर्षांनी त्याच भागात त्याचा मुलगा झांडा. सेसिलसाठी जग रडलं. झांडा सहा वर्षांचा होता, गळ्यात संशोधकांची पट्टी होती, त्याला पिल्लं होती आणि त्याची शिकार कायदेशीर होती. सहा वर्षांच्या नियमातही तो बसला असता. पिल्लांचं काय झालं असेल, हे विचारायचा रकाना परवान्याच्या अर्जात नाही.

हत्तीत तर म्हातारा हा शब्दच उलटा पडतो. केनियातल्या अंबोसेली इथे 1972 पासून हत्तींचा माग ठेवला जातोय. तिथून कळलेली गोष्ट अशी की नर पस्तिशी ओलांडतो तेव्हा कुठे त्याचा खरा प्रजननकाळ सुरू होतो. मदात आलेले थोराड नर बहुतेक पिल्लांचे बाप असतात, माद्या त्यांनाच पसंत करतात, तरुण नर त्यांच्या धाकात शिस्तीने वागतात. आणि शिकाऱ्याला हवे असतात ते नेमके हेच, कारण सुळे वयाबरोबर वाढतात. म्हणजे ज्याला अर्जात निरुपयोगी म्हणून दाखवायचं, तो कळपातला सर्वांत उपयोगी नर.

अंबोसेलीचीच गोष्ट पुढे नेतो. तिथले हत्ती सीमा ओलांडून टांझानियात जातात; हत्तीला सीमा कुठली? केनियात शिकार बंद, टांझानियात चालू. या सीमेवरच्या हत्तींना हात लावायचा नाही असा समझोता सुमारे तीन दशकं पाळला गेला होता. 2023 च्या सप्टेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत टांझानियाच्या बाजूला किमान पाच मोठे नर मारले गेले. यांतल्या काहींचे सुळे असे की एकेक सुळा पंचेचाळीस किलोच्या पुढे जावा, आणि असे नर अख्ख्या आफ्रिकेत मोजकेच उरले आहेत. कागदोपत्री टांझानियाने स्वतःच्या हद्दीतल्या शिकारीला परवाना दिला. पण ज्या कळपाला बाधा नाही असं म्हटलं, तो कळप अर्धा दुसऱ्या देशाचा होता आणि त्या देशाला कुणी विचारलं नाही. दोन भावांच्या सामाईक विहिरीचं पाणी एकाने विकावं तसं हे. मला तर वाटतं, जो कळप दोन देशांत हिंडतो त्याच्या ना-हानी दाखल्यावर दोन्ही देशांच्या सह्या असल्याशिवाय तो दाखलाच मानू नये.

कागद नुसता ढिसाळ असला तर काय होतं ते एकदा झालं आहे आणि तुम्हाला ते आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेतला पांढरा गेंडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभराच्याही खाली गेला होता. त्याला जपून वाढवलं गेलं, त्यात शिकारीच्या पैशाचाही हात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1994 मध्ये तुम्ही त्याला पहिल्यापेक्षा सैल नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात आणलंत आणि ट्रॉफीची वाट मोकळी झाली. 2003 पासून व्हिएतनामचे शिकारी यायला लागले. त्यातल्या कित्येकांना बंदूक धरता येत नव्हती. गोळी दुसराच कुणी घालायचा, हे शेजारी उभे राहून फोटो काढायचे. शिंग ट्रॉफी म्हणून रीतसर परवान्यावर जायचं आणि पोहोचल्यावर त्याची औषधासाठी भुकटी व्हायची. 2009 मध्ये माणशी वर्षाला एकच गेंडा असा नियम झाला, तर टोळ्यांनी भाड्याने माणसं आणली. थायलंडच्या बायकांना शिकारी म्हणून उभं केलं गेलं. त्या प्रकरणात 2012 मध्ये एका थाई सूत्रधाराला 40 वर्षांची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती बरीच कमी झाली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने व्हिएतनामच्या नागरिकांना गेंड्याचे शिकार परवाने देणं थांबवलं. वरातीमागून घोडं.

यात मला राहूनराहून खटकतं ते हे की प्रत्येक शिंगामागे खरा परवाना होता. तुमच्या व्याख्येत ट्रॉफी म्हणजे शिकाऱ्याने स्वतःच्या वापरासाठी, स्वतः राहतो त्या देशात नेलेली वस्तू. छान. पण ती तिथे पोहोचून भिंतीवर गेली की खलबत्त्यात, हे बघायचं काम कुणाचं? आयात करणाऱ्या देशाने वर्षभराने जाऊन एवढं बघितलं असतं की शिंग जागेवर आहे का, तरी टोळ्यांचा धंदा बसला असता. व्यापारी हेतू नसावा, ही अटही अशीच गमतीची. शिकारीची सफर विकली जाते, मार्गदर्शक, विमान, पेंढा भरणारा कारागीर, सगळ्यांचे पैसे चुकते होतात, लिलावही होतात आणि शेवटी त्यातली एकच वस्तू, मुंडकं, तेवढी खासगी म्हणायची.

पिंजऱ्यात वाढवून कुंपणात मारलेल्या सिंहांवर फार लिहीत नाही. त्यात रानातल्या सिंहाचं काही भलं होतं, असं सिद्ध करणारा कागद मला कुठे सापडला नाही. अमेरिकेने 2016 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून अशा ट्रॉफी घेणं थांबवलं. बाकीच्यांनी का थांबवू नये, त्यांनाच ठाऊक.

एवढं वाचून मी बंदीवाला आहे असं वाटलं असेल, तर मारखोर या रानटी बकऱ्याकडे या. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात तोरघर म्हणून डोंगर आहे. 1980 च्या दशकात तिथला मारखोर जवळजवळ संपला होता. स्थानिक टोळीच्या पुढाऱ्यांनी ठरवलं की बाहेरच्या शिकाऱ्यांना वर्षाकाठी इनमीन एकदोन परवाने विकायचे आणि त्या पैशांतून गावातल्याच माणसांना राखणदार नेमायचं. 1994 च्या मोजणीत सुमारे 700 मारखोर निघाले, 1999 मध्ये सुमारे 1,700. तुम्ही 1997 मध्ये पाकिस्तानला 6 मारखोरांचा कोटा दिलात, 2002 मध्ये 12 केलात. फीच्या 80 टक्के रक्कम गावाला जाते आणि एकेका परवान्याची बोली एक लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. 2015 मध्ये प्रजातींच्या जागतिक लाल यादीत मारखोर धोक्यातल्या वर्गातून बाहेर आला. मला हे पटवून घ्यायला वेळ लागला, पण पटलं. का पटलं? कोटा लहान होता, मोजणी झाली होती आणि पैसा कुठे गेला ते सांगता येत होतं.

म्हणून सरसकट बंदीचे कायदे करणाऱ्या श्रीमंत देशांबद्दलही मन द्विधा होतं. 2024 मध्ये बोट्सवानाच्या अध्यक्षांनी ट्रॉफींची आयात आवळू पाहणाऱ्या जर्मनीला 20,000 हत्ती भेट पाठवण्याची धमकी दिली, तेव्हा बरेच जण हसले. ज्या देशात एक लाख तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत आणि ज्यांच्या शेतात ते रात्री शिरतात, त्यांना हसू आलं नसेल. बोट्सवानाने 2014 मध्ये शिकार बंद करून 2019 मध्ये पुन्हा उघडली, ती काय हौस म्हणून? पण हत्तीचा त्रास होतो म्हणून दाखला न दाखवता परवाना द्यावा, हेही त्यातून निघत नाही. मोजणी करून कोटा मागणाऱ्या देशाला उघड दाखल्याची भीती असायचं कारण नाही. उलट त्याचाच माल दिमाखात विकला जाईल.

आणि हे जमणार नाही असं म्हणू नका, कारण जमल्याची उदाहरणं तुमच्यातच आहेत. 2014 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला लिलावात नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना साडेतीन लाख डॉलरला गेला. जगभर गदारोळ झाला. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने आयातीचा अर्ज उघड ठेवला, लोकांच्या हरकती घेतल्या आणि 2015 मध्ये कारणं देऊन परवाना दिला. मला तो निर्णय आवडला नाही. पण कशाशी भांडायचं ते तरी समोर होतं. युरोपीय संघाने 2015 मध्ये सिंह, पांढरा गेंडा, पाणघोडा, ध्रुवीय अस्वल अशा सहा प्राण्यांच्या ट्रॉफींसाठी, करारात सक्ती नसताना, स्वतःचा आयात परवाना लावला. दुसऱ्या परिशिष्टासाठी दुसरी किल्ली त्यांनी आपण होऊन घडवून घेतली. 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत तुम्हीही ठराव 17.9 केलात की ट्रॉफीच्या शिकारीतून संवर्धनाचा ठोस लाभ दिसला पाहिजे. ठराव चांगला आहे, पण शिफारशीला दात नसतात.

तेव्हा मागणं असं आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टातल्या कुठल्याही प्राण्याची ट्रॉफी निघायच्या आधी तिचा ना-हानी दाखला तुमच्या सचिवालयाच्या संकेतस्थळावर, मोजणीच्या तपशिलासकट, सर्वांना दिसेल असा असावा. शिकाऱ्याचं नाव झाकलं तरी चालेल. त्याच्या घरावर कुणी दगड मारावेत अशी माझी इच्छा नाही. दाखला उघड नसेल तर आयात करणाऱ्या देशाने अर्ज परत पाठवावा. एवढं एक केलंत तरी पुष्कळ होईल. कोट्याला मुदत घाला, तीन वर्षांची घाला. नवी मोजणी आली नाही तर तो आपोआप शून्य व्हावा, म्हणजे केनियाच्या 80 सारखी भुतं तक्त्यात राहणार नाहीत. फीमधून गावाला किती गेलं, तो आकडा त्याच कागदावर यावा.

यावर गरीब देशांची हरकत मला ठाऊक आहे. वैज्ञानिक प्राधिकरण म्हणजे दोन खुर्च्या आणि एक जुना संगणक, मोजणीला माणसं कुठून आणणार? हरकत खरी आहे. उत्तरही फार लांब नाही. एका सिंहासाठी हजारो डॉलर मोजणाऱ्याला त्या सिंहाच्या कळपाच्या मोजणीचे पैसे जड जाऊ नयेत. परवान्याच्या फीतच मोजणीचा हिस्सा बांधून घ्या. ज्याला ते महाग वाटेल त्याने फोटो काढून यावं.

स्थायी समितीच्या पुढच्या बैठकीत एक छोटी गोष्ट करून पाहा. बिबट्याच्या त्या तक्त्यातला कुठलाही एक देश निवडा आणि त्याच्या गेल्या वर्षीच्या निर्यातीचा ना-हानी दाखला टेबलावर मागवा. किती दिवसांत येतो, येतो का, आणि त्यात पावसाखेरीज काय मोजलेलं आहे, ते सर्वांसमोर वाचा.

कळावे,
आपला,
एक वाचक

ता. क. : ट्रॉफी म्हणून जाणाऱ्या हत्तीच्या सुळ्यावर देशाचा संकेत, अनुक्रमांक, वर्ष आणि वजन ठोकून घ्यायचा नियम तुमच्याकडे आधीपासून आहे. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की त्या हत्तीचा दाखला उघडावा. नवा शिक्का करायची गरज नाही.